मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा आर्थिक निर्वाह आणि समुदायाची मूल्ये : मेळघाटाच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, सामूहिक संपदा, ग्रंथालय संगणकीकरण, कोहा, ग्रामसभा, देखभाल

प्रस्तावना

गाविलगडच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेल्या चिखलदऱ्याची ओळख वऱ्हाडातील प्राध्यापकवर्गास नव्याने करून देण्याचे कारण नाही. अशा डोंगरी भागातील लहान महाविद्यालय आणि अमरावती शहरातील जुने, मोठे महाविद्यालय यांच्या साधनसामग्रीत जमीनअस्मानाचा फरक असतो. तरीही गेल्या दोन दशकांत एका बाबतीत दोघांत साम्य निर्माण झाले आहे. ग्रंथांची तालिका कोहावर, अध्यापनसाहित्य मूडलवर, संकेतस्थळ वर्डप्रेसवर आणि या सर्वांच्या तळाशी लिनक्स, अशी रचना अनेक महाविद्यालयांतून आढळते. यांपैकी एकाही प्रणालीसाठी महाविद्यालयाने परवाना शुल्क भरलेले नसते. जडसंग्रह नोंदवहीत तिची किंमत शून्य असते आणि बहुधा तिची नोंदच नसते.

जी वस्तू नोंदवहीत नाही तिच्या दुरुस्तीची तरतूदही अंदाजपत्रकात नसते, हे ओघाने आले. ही प्रणाली कोणी तयार केली, ती आज कोण सांभाळते, त्याचा चरितार्थ कशावर चालतो आणि उद्या त्याने हात टेकले तर ग्रंथालयाच्या देवघेवीचे काय होईल, हे प्रश्न त्यामुळे विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांना पैसा लागतो, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो पैसा कोणत्या दाराने आत यावा आणि आत आल्यावर त्याने कशाला हात लावू नये, याविषयी. हा वाद संगणकशास्त्राच्या ग्रंथांत जितका स्पष्ट होतो तितकाच, किंबहुना अधिक, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाच्या जंगलात स्पष्ट होतो. म्हणून आरंभ तेथून केला आहे.

‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ

त्यापूर्वी संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. संगणकाची आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिली जाते, तिला स्रोत म्हणतात. व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये हा स्रोत ग्राहकाला मिळत नाही. मिळते ते केवळ चालू शकणारे यंत्ररूप. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे जीपीएल या नावाने ओळखला जाणारा परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचा अभ्यास करून ती बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात आणि बदललेली प्रतही वाटावी, ही चार स्वातंत्र्ये हा परवाना देतो. बदललेली प्रत जो वाटेल त्याने बदलांचा स्रोतही त्याच अटींवर द्यावा, अशी त्याची अट आहे. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा त्यानंतर, १९९८ साली रूढ झाली. दोन्ही संज्ञांमागील विचारसरणीत भेद आहेत. मात्र आर्थिक निर्वाहाचा प्रश्न दोहोंनाही सारखाच लागू पडतो.

या चार स्वातंत्र्यांत ‘फुकट’ हा शब्द कोठेही नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकण्यास परवान्याची आडकाठी नाही. परंतु प्रत घेणारा ती पुन्हा कोणालाही विनामूल्य देऊ शकत असल्यामुळे प्रतीच्या विक्रीवर कोणाचा संसार चालत नाही. म्हणजे उत्पन्न प्रतीतून न मिळता प्रतीच्या भोवतालच्या सेवेतून मिळावे लागते. सर्व अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

पायविहीरचे जंगल

अचलपूर तालुक्यात, परतवाड्यानजीक, मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे प्रामुख्याने कोरकू वस्तीचे गाव आहे. वनहक्क कायदा २००६ अन्वये या गावाच्या ग्रामसभेस २०१२ साली सुमारे १९० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. हे क्षेत्र त्या वेळी बव्हंशी उजाड होते. ग्रामस्थांनी, परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेच्या साहाय्याने, चराई आणि वृक्षतोड यांवर स्वतःचे नियम घातले; रोजगार हमीतून मृद्‌संधारणाची आणि लागवडीची कामे केली. जंगल सावरल्यावर सीताफळ विक्रीस निघाले आणि ते मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचले. शेजारच्या गावांच्या साथीने तेंदूपत्त्याची विक्रीही ग्रामसभांनी स्वतः केली. २०१४ साली पायविहीरला जैवविविधता पुरस्कार मिळाला, हे या परिसरात सर्वज्ञात आहे.

या व्यवहारातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. तेंदूपत्त्याचा व्यापारी ग्रामसभेला पैसे देतो आणि पत्ता घेऊन जातो. त्या पैशाच्या बदल्यात त्याला जंगलाविषयीच्या निर्णयात मत मिळत नाही. कोणत्या भागात चराई बंद ठेवावी, कोणती फांदी तोडू नये, हे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेकडेच राहतो. १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याखालील व्यवस्थेत तेंदूच्या व्यापाराचा अधिकार शासनाकडे होता. पत्ता तोडणारा केवळ मजूर होता. नव्या व्यवस्थेत मजुरी तर आहेच, परंतु विकायचे काय आणि राखायचे काय ही सीमारेषा आखण्याचा अधिकारही त्याच माणसाकडे आला. ग्रामसभा उपज विकते, जंगल विकत नाही.

अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जगभरच्या अशा सामूहिक संपदांचा अभ्यास मांडला आणि २००९ साली त्यांना त्यासाठी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक वस्तूचा नाश अटळ आहे, हे तोवरचे गृहीतक त्यांनी अमान्य केले. जेथे वापरणारे स्वतः नियम करतात, नियमभंगावर स्वतः लक्ष ठेवतात आणि बाहेरची सत्ता त्यांच्या नियमांना मान देते, तेथे सामाईक संपदा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे शार्लट हेस यांच्यासमवेत त्यांनी ज्ञानालाही सामूहिक संपदा मानून २००७ साली एक ग्रंथ संपादित केला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विचार या परंपरेत बसतो.

झिजते ते काय?

तथापि जंगल आणि सॉफ्टवेअर यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो दुर्लक्षिल्यास तुलना फसवी ठरते. तोडलेला तेंदूपत्ता जंगलातून कमी होतो. आज्ञावलीची प्रत घेतल्याने मूळ आज्ञावली कमी होत नाही. शंभर महाविद्यालयांनी वापरली काय किंवा लाखभर ग्रंथालयांनी वापरली काय, तिची झीज शून्य. यावरून असा समज झाला की या संपदेला राखण्याची गरजच नाही.

हा समज चुकीचा आहे. वापराने आज्ञावली झिजत नाही. ती सांभाळणारा माणूस झिजतो. वापरणारा वाढला की प्रश्न वाढतात, चुकांच्या तक्रारी वाढतात, नव्या मागण्या वाढतात. त्यातच सुरक्षेच्या त्रुटी उघडकीस येतात आणि त्या तातडीने बुजवाव्या लागतात. हे सारे वाचण्यास लागणारा वेळ आणि लक्ष हीच येथील मर्यादित वस्तू आहे. नादिया एघबल यांनी २०१६ साली फोर्ड फाउंडेशनसाठी लिहिलेल्या अहवालात अशा सॉफ्टवेअरची तुलना रस्ते आणि पूल यांच्याशी केली. पुलावरून सगळेच जातात, परंतु त्याचा कठडा ढिला झाला आहे हे कोणी पाहावयाचे, हे ठरलेले नसते.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा या दुर्लक्षाची किंमत जगाला कळली. बँका, टपाल, खरेदीविक्री अशा असंख्य व्यवहारांची गोपनीयता ज्या ओपनएसएसएल या आज्ञावलीवर अवलंबून होती, तिला देणग्यांतून वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत होते. तिच्यावर पूर्णवेळ काम करणारी व्यक्ती जेमतेम एक होती. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या लहानशा परंतु लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदार बसविल्याचे उघड झाले. हे साधन वर्षानुवर्षे एकच मनुष्य विनावेतन सांभाळत होता आणि थकला होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनामिकाने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग घात केला. येथे तांत्रिक ज्ञान कमी पडले नव्हते. कमी पडली ती थकलेल्या माणसाला मिळावयाची रजा.

कोहा : एका आहेराची कथा

महाविद्यालयीन ग्रंथपालांना परिचित असलेल्या कोहाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती. बाजारातील नवी प्रणाली परवडणारी नव्हती. न्यासाने कॅटिपो कम्युनिकेशन्स या लहान कंपनीस नवी प्रणाली लिहिण्याचे काम दिले आणि ३ जानेवारी २००० रोजी ती लेव्हिन येथील ग्रंथालयात सुरू झाली. पैसे न्यासाने दिले होते. प्रणाली स्वतःपुरती ठेवणे त्यास शक्य होते. तथापि ती जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली. लहान ग्रंथालयाने एकट्याने एखादी प्रणाली आयुष्यभर पोसणे अशक्य आहे. तीच प्रणाली अनेकांची झाली तर सांभाळणारेही अनेक होतात, हा त्यामागील व्यावहारिक लाभ होता.

नाव मात्र व्यवहाराच्या पलीकडचे आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. परंतु परतफेडीची जाण ज्यात गृहीत आहे अशी भेट. मराठी वाचकास यासाठी दूर जावे लागत नाही. लग्नातील आहेर वहीत लिहून ठेवला जातो आणि पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडली जाते. आहेर विकत घेता येत नाही आणि त्याचा विसरही चालत नाही. आपल्या महाविद्यालयांनी कोहा घेतला, पण ती वही ठेवली नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कोहाचा निर्वाह पुढे कसा झाला? अनेक देशांत त्याची स्थापना, प्रशिक्षण, देखभाल करणाऱ्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या. एखाद्या ग्रंथालयास नवी सोय हवी असेल तर ते अशा कंपनीस पैसे देऊन ती करवून घेते; काम झाल्यावर ती सोय मूळ प्रणालीत दाखल होते आणि जगातील सर्व ग्रंथालयांना मिळते. पैसे देणाऱ्याचे नाव नोंदले जाते. मात्र त्याने पैसे दिले म्हणून त्याचे काम आपोआप स्वीकारले जात नाही. इतर कार्यकर्ते ते तपासतात, नापसंत असल्यास परत करतात. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीची जबाबदारी कोणावर सोपवावी, हे समुदाय ठरवितो. पैसा श्रम विकत घेतो, निर्णय नव्हे. पायविहीरची सीमारेषा येथेही आखलेली दिसते.

ही सीमा पुसण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. लिबलाइम या अमेरिकी कंपनीने २००७ साली कॅटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला. २००९ साली तिने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची वेगळी आवृत्ती काढली आणि तिच्यातील बदल समुदायाकडे येत नसल्याची तक्रार सुरू झाली. संकेतस्थळाचे जुने नावही त्या कंपनीकडे होते. समुदायास नवे घेऊन वेगळी चूल मांडावी लागली. २०१० मध्ये ही कंपनी पीटीएफएस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीकडे गेली आणि २०११ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ हे व्यापारचिन्ह तिला मंजूर होत असल्याचे निदर्शनास आले. ज्या भूमीच्या भाषेतील तो शब्द, ज्या ग्रंथालयाने ती भेट दिली, त्याच भूमीत ते नाव परक्याच्या मालकीचे होण्याची वेळ आली. होरोव्हेनुआ न्यासाने न्यायालयीन खर्चासाठी जगभरच्या ग्रंथालयांकडे मदतीची याचना केली. देणग्या आल्या, हरकत नोंदविली गेली आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथील बौद्धिक संपदा कार्यालयाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला.

या प्रकरणातून एक तांत्रिक वाटणारा परंतु निर्णायक मुद्दा पुढे येतो. परवान्याने स्रोत सुरक्षित राहिला होता. त्यास कोणी हात लावू शकत नव्हते. असुरक्षित होते ते नाव, संकेतस्थळ आणि त्यांवरील मालकी. म्हणजेच परवाना हा सातबारा नव्हे. कोणत्याही मुक्तस्रोत प्रकल्पात पैसा घेण्यापूर्वी नावाची आणि संकेतस्थळाची मालकी कोणाकडे आहे, हे तपासणे परवाना तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

याच वर्षी, म्हणजे २०११ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कोहाची जागतिक परिषद महाराष्ट्रात, ठाणे येथे विद्या प्रसारक मंडळाच्या प्रांगणात भरली होती. एका शिक्षणसंस्थेने जागा आणि आतिथ्य देऊन प्रकल्पास हातभार लावला. रोख रकमेशिवायही आहेर करता येतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

मुंबईतील प्रयोग

दुसरे उदाहरण मुंबईचे. रुषभ मेहता यांनी २००८ साली स्थापन केलेल्या फ्रॅपे या कंपनीने लेखा, साठा, वेतन इत्यादी व्यवहारांसाठी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली विकसित केली. तिचा स्रोत जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. कंपनीचे उत्पन्न प्रणालीच्या विक्रीतून येत नाही. ग्राहकांसाठी ती आपल्या सर्व्हरवर चालविणे आणि साहाय्य देणे यांतून येते. कोणी दुसऱ्या कंपनीने तीच प्रणाली तशीच चालवून व्यवसाय केला तरी फ्रॅपे त्यास परवान्याच्या आधारे रोखू शकत नाही. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यास स्वतःचेच हत्यार देऊन बाजारात उतरण्याचा हा प्रकार व्यापारी बुद्धीस विपरीत वाटतो. तथापि तो टिकला आहे, आणि भारतीय कंपनीने टिकविला आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे.

याच प्रणालीच्या भोवती उभे राहिलेले प्रतिष्ठान २०२० साली व्यापक होऊन ‘फॉस युनायटेड’ या नावाने काम करू लागले. ही ना-नफा संस्था केवळ एका प्रणालीसाठी न राहता देशभरातील मुक्तस्रोत प्रकल्पांना अनुदान देते, मेळावे भरविते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या झिरोधा या दलाली व्यवसायातील कंपनीने दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंत निधी जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांना देण्याची योजना जाहीर केली. ज्या प्रणालींवर आपला व्यवसाय उभा राहिला त्यांचे ऋण फेडण्याची ही भूमिका आहे. योजनेत अर्जदार प्रकल्पाने आपल्या गरजा एका ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये जाहीरपणे मांडावयाच्या असतात. मागणी उघड्यावर झाल्यामुळे कोणी किती मागितले आणि कशासाठी, हे समुदायालाही दिसते. हा तपशील लहान आहे, पण निधीच्या रकमेहून कमी मोलाचा नाही.

तरीही एका दात्यावर विसंबण्यातील धोका उरतोच. दाता उदार असला तरी त्याचा व्यवसाय मंदीत सापडू शकतो, धोरण बदलू शकते. बाहेरच्या भांडवलाचा दबाव आल्यावर परवानाच बदलण्याचे प्रसंग अलीकडे वारंवार घडले आहेत. हॅशिकॉर्पने २०२३ साली आणि रेडिसने २०२४ साली आपल्या प्रणालींवरील मुक्त परवाना मागे घेतला. दोन्ही वेळा नाराज कार्यकर्त्यांनी ओपनटोफू आणि व्हॅल्की अशा स्वतंत्र आवृत्त्या काढल्या. रेडिसने २०२५ मध्ये मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला, परंतु गेलेली माणसे परवान्यासोबत परत येतातच असे नाही.

शासनाची भूमिका

भारत सरकारने २०१५ साली ई-प्रशासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते वापराचे धोरण आहे. वापरलेल्या प्रणालीच्या मूळ प्रकल्पास काय द्यावे, हा त्याचा गाभा नाही. जर्मनीने २०२२ साली या दुसऱ्या प्रश्नासाठी स्वतंत्र सार्वजनिक निधी स्थापन केला आणि त्यातून नवीन काही निर्माण करण्याऐवजी जुन्या, पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीस पैसे दिले. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे केंद्रीय अनुदानावर उभे राहिलेले प्रकल्प आहेत. त्यांचे मराठीतील पाठ, तेही आंतरजालाविना चालू शकणारे, डोंगरी भागातील विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरले आहेत. प्रकल्पस्वरूप अनुदानाचा दोष मात्र सर्वश्रुत आहे. त्यास मुदत असते, आणि देखभालीस मुदत नसते.

महाविद्यालयाच्या खातेवहीत

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वऱ्हाडातील महाविद्यालयाने काय करावे? ‘देणगी द्यावी’ हे उत्तर सोपे आहे आणि अव्यवहार्यही. महाविद्यालय चालविणारी संस्था बहुधा धर्मादाय न्यास असते. करसवलतीस पात्र ठरण्यासाठी तिचे उत्पन्न सर्वसाधारणपणे भारतातच खर्च व्हावे लागते. परदेशी प्रकल्पास थेट देणगी देणे त्यामुळे अडचणीचे ठरते. उलट दिशेने, परदेशातून देणगी घेणाऱ्या भारतीय ना-नफा प्रकल्पास विदेशी अभिदाय नियमन कायद्याची नोंदणी लागते. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प ना-नफा संस्थेऐवजी कंपनीच्या रूपात उभे राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

लेखापरीक्षकाची अडचण वेगळीच. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर खर्च का केला, असा आक्षेप येतो. तीन दरपत्रके मागवावीत तर वस्तूस किंमत नाही. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात ग्रंथालय प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि संगणकीकरणाचे वर्ष विचारले गेले आहे; आणि त्या रकान्यात कोहाचे नाव अभिमानाने लिहिले जाते. तिची जी आवृत्ती तेथे लिहिली आहे तिला आज सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात की नाही, हे विचारण्यास रकाना नव्हता. कोहाच्या आवृत्त्यांची नावे हल्ली वर्ष आणि महिना यांवरून पडत असल्यामुळे हे तपासणे खरे म्हणजे अवघड नाही.

मार्ग आहे तो देणगीचा नव्हे, देखभाल करारातून जाणारा. संगणक, वातानुकूलन यंत्र, झेरॉक्स यंत्र यांचे वार्षिक देखभाल करार महाविद्यालये करतातच. ते शीर्ष अंदाजपत्रकात आहे. त्याच शीर्षाखाली कोहाची सेवा देणाऱ्या भारतीय पुरवठादाराशी करार करता येतो आणि त्यास दरपत्रकही मागविता येते. मात्र करारात दोन अटी असाव्यात. पुरवठादाराने केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवाव्यात. आणि ग्रंथालयाचा सर्व विदा प्रमाणित स्वरूपात, केव्हाही, विनाशुल्क परत मिळावा. पहिल्या अटीमुळे महाविद्यालयाचा रुपया भारतात खर्च होऊनही त्याचे फळ सामूहिक संपदेत जाते. सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्याची आपली रीत येथे घातक ठरते, कारण मूळ प्रकल्पाकडे काहीही न पाठविणारा पुरवठादार स्वाभाविकच स्वस्त असतो. निविदेतच ही अट घातल्यास त्याचा हा अनुचित फायदा संपतो.

दुसरी वाट सावडीची आहे. एका शेतकऱ्याला न झेपणारे काम चार जणांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात करावे, ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांपैकी पंधरा-वीस ग्रंथालयांनी थोडी थोडी रक्कम एकत्र करून एखादी सोय करवून घेणे अशक्य नाही. कोणती सोय, याचे उदाहरण चिखलदऱ्याच्या नावातच आहे.

‘चिखलदऱ्याचा इतिहास’ असे शीर्षक तालिकेत नोंदविताना त्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकते. एका प्रकारात नुक्ता असलेले स्वतंत्र र हे वर्णचिन्ह वापरले जाते, तर दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह घातले जाते. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. नोंद एका पद्धतीने झाली आणि वाचकाने शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर विशेष जुळणी केलेली नसल्यास पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. नुक्ता आणि जोडचिन्ह दोन्ही सरसकट गाळण्याचा उपाय केला तर दऱ्या आणि दर्या, म्हणजे डोंगरातील घळी आणि समुद्र, एकच होऊन बसतात. हिंदीत हे जोडाक्षर या रूपात लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी झालेल्या कामातून हा प्रश्न आपोआप सुटत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच ग्रंथालये त्यासाठी पैसे देणार नाहीत. त्यांना तशी गरजच नाही. कोरकूतील मौखिक साहित्याच्या संग्रहाची नोंद करू पाहणाऱ्या ग्रंथालयाची स्थिती याहून बिकट आहे. कोरकूही देवनागरीत लिहिली जाते, परंतु ती ऑस्ट्रोआशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा आहे आणि तिच्या शोधाचे, वर्णानुक्रमाचे नियम मराठीवरून बेतून चालणार नाहीत.

हे काम अवाढव्य नाही. मराठी आणि संगणकशास्त्र या दोन विभागांतील अध्यापकांनी नियम लिहून द्यावेत, विद्यार्थ्यांनी आपल्याच तालिकेतील नोंदींवर ते पडताळावेत, पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने ते आज्ञावलीत उतरवावेत आणि मूळ प्रकल्पातील तपासनिसांनी ते स्वीकारेपर्यंत चिकाटीने पाठपुरावा करावा, असे त्याचे स्वरूप आहे. यातील शेवटचा टप्पा सर्वाधिक वेळखाऊ असतो आणि नेमके त्याचेच पैसे कोणी धरत नाही. दरपत्रक मागविताना तो टप्पा स्वतंत्र ओळीत लिहावा लागेल. एकदा ही दुरुस्ती स्वीकारली गेली की पुढील मे किंवा नोव्हेंबरच्या आवृत्तीसोबत ती कोल्हापूर, पणजी, बेळगाव आणि बडोदा येथील मराठी ग्रंथालयांकडे जाईल. त्यांच्यापैकी कोणी काही दिलेले नसेल. प्रसिद्धिपत्रकातील पुरस्कर्त्यांच्या यादीत मात्र अमरावती जिल्ह्यातील महाविद्यालयांची नावे असतील, आणि ती यादी समितीपुढे पुरावा म्हणून जोडता येईल.